वानखडेंची तिरपी लाल रेघ

वानखडेंच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असायची. काळं लिहायला आणि लाल रेघ मारायला. लाल पेनाने ते एक अक्षर लिहीत नसत. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि त्या कार्यालयाची पद्धत अशी, की नवा नकाशा छापून आला तरी जुना फाडायचा नाही, रद्दीतही घालायचा नाही. त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पट्टीने तिरपी लाल रेघ मारायची, रेघेखाली तारीख घालायची, सही करायची आणि मग तो कपाटात ठेवायचा.

"काऊन माहीत आहे का ताई?" त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. "उद्या कोनी हाच नकाशा घेऊन निघाला, तर त्याले रेघ दिसली पाह्यजे. जुना नकाशा वाईट नसते. न सांगता जुना झालेला नकाशा वाईट."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना कौतुकाने सांगत असे. आता आठवलं की दात खावेसे वाटतात.

माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला साताऱ्याहून चंडीगढला घेऊन आली, आणि तीन वर्षांसाठी आलेलो आम्ही तिथेच रुतलो. इथल्या मराठी मंडळींची एक टेलिफोन-यादी होती. ती दर दोन वर्षांनी नव्याने निघायची, कारण निम्मी माणसं बदलीवाली. यादीचं काम वानखडेंकडे. नवी यादी द्यायला ते स्वतः घरोघर जात आणि जुनी परत मागत. जुनी हातात आली की पट्टी काढून तिथल्या तिथे तिच्यावर तिरपी रेघ. आमच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी जुनी यादी डाळीच्या डब्याखाली घातली होती. वानखडे अर्धा तास ओट्याशी उभे राहिले, डबा रिकामा करवला, यादी काढवली, तेलकट कागदावर रेघ मारली आणि "आता घाला डब्याखाली" म्हणून परत दिली.

असे होते. बारीक, ठेंगणे, दिवाळीपासून होळीपर्यंत माकडटोपीत. चंडीगढचे रस्ते सरळसोट, चौकाचौकात मोठाली वर्तुळं. वानखडे आपली स्कूटर पंचविसाच्या पुढे नेत नसत आणि वळण चुकू नये म्हणून प्रत्येक वर्तुळाला एक फेरी जास्त घालत. मागचे सरदारजी हॉर्न वाजवून हैराण. वानखडे त्यांना हात दाखवून म्हणत, "आप चलो जी, आपको जल्दी है." अकोला सोडून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, पण मराठी अकोल्याची आणि तिखट अकोल्याचं. मुलगी त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते तिच्याशी वऱ्हाडीत, आणि दोघांचं मस्त जमायचं.

नाही म्हणणं मात्र त्यांना यायचं नाही. तोंडावर वाईट बातमी सांगायची वेळ आली की वानखडे गायब. गणपतीच्या नाटकात त्यांना पार्ट नको होता, तर ते सांगायला महिना गेला आणि शेवटी बायकोला पाठवलं. मला ते तेव्हा गोड वाटलं होतं.

मी पंचकुल्याच्या बाजूला एका विश्वस्त संस्थेच्या लहानशा रक्तपेढीत नोंदींचं काम बघत असे. आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं यायची. या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. त्यांतल्या काहींच्या अंगात पुढे पुढे परक्या रक्ताविरुद्ध काहीतरी तयार होतं, आणि मग गट जुळला तरी कुठलंही रक्त चालत नाही. निवडून, तपासूनच द्यावं लागतं. कुठल्या मुलाला काय चालत नाही हे लक्षात ठेवणं, एवढ्यावर आमचं सगळं काम उभं होतं. आमच्याकडे ते एका जाड रजिस्टरमध्ये होतं, आणि हरबंसजींच्या डोक्यात. हरबंसजी म्हणजे आमचे जुने तंत्रज्ञ. त्यांना पोरं नावाने नाही, चेहऱ्याने पाठ.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा ऑफिसने आम्हाला तीन वापरलेले संगणक दिले. नवी सॉफ्टवेअरं त्यांच्यावर चालेनात. मी हे मराठी मंडळाच्या जेवणात सहज बोलले, आणि पुढच्या शनिवारी वानखडे फ्लॉपींचा डबा घेऊन दारात हजर.

रक्तपेढीच्या नोंदींसाठी एक सॉफ्टवेअर होतं. कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं, आतली वीण कोणालाही बघता येईल, बदलता येईल, फुकट वाटता येईल असं. मंडळी एकमेकांना कधी भेटलेली नसत, ईमेलवर भांडत आणि ईमेलवरच काम करत. वानखडे त्यात कसे शिरले ते त्यांनाच ठाऊक. ऑफिसात संगणक आले तेव्हा साहेब लोकांनी हात लावला नाही, यांनी लावला, एवढंच मला माहीत. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, चित्रंबित्रं असलेली, तिला नवी यंत्रं लागत. जुनी साधी, अक्षरांची, आमच्यासारख्यांच्या भंगार संगणकांवरही पळणारी. ती जुनी सांभाळायचं काम वानखडेंनी अंगावर घेतलं होतं. कुठे काही बिघडलं की दुरुस्त करायचं आणि सगळ्यांना कळवायचं. त्यांच्या प्रत्येक पत्राखाली सही असे आणि सहीखाली चंडीगढचं हवामान. कुठल्या कुठल्या देशांतल्या गरीब दवाखान्यांना आमच्या शहरातलं धुकं ठाऊक झालं होतं.

आमच्यासाठी त्यांनी त्यात एक खास गोष्ट घातली. ज्या मुलाला निवडूनच रक्त द्यायचं, त्याच्या नावापुढे लाल चांदणी. ती चांदणी असली की पिशवीची चिठ्ठी छापलीच जायची नाही. आधी हरबंसजींनी तपासून आपली खूण घालायची, मगच छापणार. ही चांदणी मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. फक्त आमची.

पहिली चांदणी लागली सिमरनला. सहा वर्षांची, दोन वेण्या, आल्या आल्या सगळ्यांकडे टॉफी मागणारी. तिने पडद्यावर आपलं नाव बघितलं आणि विचारलं, "अंकल, ये स्टार मुझे क्यों मिला?"

"तू फर्स्ट आई है ना, इसलिए," वानखडे म्हणाले.

त्यानंतर ते दर शनिवारी येऊ लागले. चहा, एक मठरी, तिन्ही यंत्रांवरून हात, मुलांशी गप्पा. हरबंसजी त्यांना 'इंजिनियर साब' म्हणत आणि ते दर वेळी "ड्राफ्ट्समन जी, ड्राफ्ट्समन" म्हणून दुरुस्त करत.

मग एक कंपनी आली. तेव्हा मोहालीत, चंडीगढात काचेच्या इमारती उठत होत्या आणि टाय लावलेली मुलं सगळ्यांना सगळं विकत होती. कंपनी म्हणाली, नवी यंत्रं आम्ही देतो, सॉफ्टवेअर आमचं घ्या. आमचे प्रमुख कर्नलसाहेब, फौजेतून निवृत्त, त्यांना बरं वाटलं. मी आडवी आले. माझं म्हणणं, आमची व्यवस्था उत्तम चालली आहे, ती मोडायची कशाला? कर्नलसाहेब म्हणाले, ठीक आहे, तुमच्या त्या माणसाला बोलवा.

वानखडे इस्त्रीचा शर्ट घालून आले. कर्नलसाहेबांनी सरळ विचारलं, "वानखड़े जी, कल को ये बंद हो गया तो?"

"बंद कौन करेगा सर? कंपनी बंद हो सकती है, मालिक बदल सकता है. इसका मालिक ही नहीं है."

"मुझे ज़बानी नहीं चाहिए."

तर वानखडेंनी लिहून दिलं. पुढच्या शनिवारी ते नकाशाच्या जाड कागदावर काळ्या शाईने काढून आणलं, नकाशाच्या मथळ्याला काढतात तशा अक्षरांत, हिंदीत : मी आहे तोपर्यंत जुनी आवृत्ती चालू राहील, आणि थांबवायची झाली तर सगळ्यात आधी या रक्तपेढीला कळवीन. खाली सही, तारीख, आणि सवयीने, 'आकाश निरभ्र'. कर्नलसाहेब हसले. कंपनी परत गेली. कागद आम्ही नोंदींच्या खोलीत भिंतीवर लावला. त्या कागदापायी मी माझं नाव पणाला लावलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. चौथ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, तोच कंपनीचा माणूस परत आला. टाय तोच, पोट थोडं सुटलेलं. त्याने कर्नलसाहेबांच्या टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आपके वानखड़े जी ने तो दुकान समेट ली."

इंग्रजी घोषणा होती. जुन्या आवृत्तीची देखभाल अमुक तारखेपासून थांबवण्यात येत आहे. त्यानंतर दोष सापडले तरी दुरुस्त केले जाणार नाहीत. वापरणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत नव्या आवृत्तीवर जावं. मी आधी तारीख बघितली. घोषणेला पाच महिने होऊन गेले होते. मग सही बघितली. तरी मी मनात म्हटलं, असेल दुसरा कोणी वानखडे. मग सहीखालची ओळ वाचली. चंडीगढमध्ये आज दाट धुकं.

पाच महिने म्हणजे वीसेक शनिवार. वीस शनिवार हा माणूस माझ्यासमोर बसून चहा प्यायला होता. त्या कागदाखाली बसून.

कोणाला वाटेल, एवढं काय झालं, सॉफ्टवेअर काही त्या तारखेला बंद पडत नाही. नाहीच पडत. पण रक्ताच्या नोंदी आहेत, आत उद्या काही चुकीचं निघालं तर विचारायचं कोणाला? कर्नलसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मॅडम, पूरी दुनिया को छह महीने मिले. हमें एक." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कंपनीला होकार तिथेच गेला.

मी तडक सेक्टर सत्तावीसमधल्या त्यांच्या क्वार्टरवर गेले. वानखडे व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. माझ्या हातातला कागद बघितला आणि झारी खाली ठेवली.

"सही तुमची आहे?"

"हाव."

"तुम्हीच बंद केलंत?"

"गटानं ठरवलं ताई. जुनं सांभाळाले मी एकलाच उरलो होतो. ते म्हणे, घोषणा तुमच्या सहीनं जाऊ द्या, लोक तुमचं ऐकतात." त्यांनी झारी भिंतीशी सरकवली. "मले बरं वाटलं. खोटं कशाले बोलू? एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांनी माझी सही मागितली."

"आणि आमचं काय?"

"तुमचं कुठं बंद होते? बाकीच्यांसाठी बंद. तुमच्यासाठी मी आहोच नं. मी तर दर शनिवारी येऊनच राहिलो होतो."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. जगाला लेखी नोटीस आणि घरच्यांना चहा. घरच्या माणसाला कशाला नोटीस द्यायची? मला एवढा संताप आला की मराठी सुचेना.

"सांगायचं तरी होतं वानखडे! लिहून दिलं होतंत तुम्ही! सगळ्यात आधी आम्हाला!"

"दर शनिवारी सांगाचं म्हणूनच निघत होतो. मग तुम्ही चहा सांगायच्या. पोरं यायची. जीभ नाई उचलली."

वानखडेवहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आमची तोंडं बघून तशाच दारात थांबल्या. मी पाणी न पिता निघाले. आमच्यात असं कोणी करत नाही. मी केलं.

त्यानंतर मी त्यांना पेढीत येऊ दिलं नाही. हरबंसजींनी दोनदा विचारलं, "इंजिनियर साब नहीं आए?" मी म्हटलं, त्यांना वेळ नाही. वानखडेंनी निरोप पाठवला की नोंदी नव्या यंत्रावर हलवायला मी येतो, कुठे काय आहे ते मला माहीत आहे. मी उत्तर दिलं नाही. हे मला लिहायलाच हवं. त्यांचं वागणं लिहिते आहे तर माझंही लिहिलं पाहिजे.

कंपनीच्या मुलांनी चार आठवड्यांत सगळं हलवलं. घाईघाईत. नावं आली, गट आले, तारखा आल्या. लाल चांदणी आली नाही. ती मूळ सॉफ्टवेअरच्या कुठल्याच कागदात नव्हती, तिच्यासाठी नव्यात जागाच नव्हती, आणि ती वेगळी बघून घ्या हे सांगणारा माणूस मी दाराबाहेर ठेवला होता. मला वाटलं, बाकी सगळं आलं तशी तीही आली असेल.

नवी यंत्रं सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सिमरन आली. आता दहा वर्षांची. तिच्या नावाने पिशवी निघाली, चिठ्ठी बिनबोभाट छापली गेली. हरबंसजी सुट्टीवरून त्याच सकाळी कामावर आले होते. ट्रे घेऊन जाणाऱ्या नर्सला त्यांनी दारात अडवलं. "रुक जा पुत्तर. ए कुड़ी नूं एदां नहीं देणा." या मुलीला असं नाही द्यायचं, म्हणत त्यांनी पिशवी उचलून आत नेली.

बस, एवढंच झालं. काही घडलं नाही. सिमरनला टॉफी मिळाली. तिच्या वडिलांनी विचारलं, "मैडम जी, देर क्यों लग रही है?" मी सांगितलं, तपासतो आहोत. मग रजिस्टर काढून आम्ही दोन दिवस बसलो आणि हाताने सगळ्या चांदण्या परत लावल्या. एकेक नाव लिहिताना मी वानखडेंना शिव्या घालत होते, आणि दर दोन नावांनी त्यातली एक स्वतःला. सहा महिने मिळाले असते तर हे आरामात, चहा पीत, त्यांनीच केलं असतं.

वर्षभर आम्ही बोललो नाही. मंडळाच्या गणपतीत ते एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. टेलिफोन-यादी आमच्या घरी त्या वर्षी टपालाने आली.

मग कळलं की वानखडे निवृत्त होऊन अकोल्याला चाललेत. नवरा म्हणाला, जाऊन ये. मी म्हटलं, जाते, पण निरोप द्यायला नाही. पेढीच्या भिंतीवरचा कागद मी कधीच काढून ठेवला होता. तो गुंडाळून घेतला.

क्वार्टरसमोर ट्रक भरत होता. घर रिकामं झालेलं. वानखडे व्हरांड्यात लोखंडी पेटीवर बसले होते, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मला बघून उठले आणि पहिला प्रश्न विचारला, "चांदणी नव्यात आली होती नं ताई?"

वर्षभर त्यांना हेच विचारायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हो म्हणणं सोपं होतं. बदलीवाल्या माणसांत आपण निरोपाला गोडच बोलतो.

"नाही आली," मी म्हटलं. "सिमरनच्या पिशवीची चिठ्ठी छापून निघाली होती. हरबंसजी दारात होते म्हणून वाचली."

वानखडे खाली बसले. बसताना पेटीचा कोपरा लागला असावा, पण त्यांना कळलं नाही. वहिनी ट्रकवाल्याला हिंदीत काहीतरी सांगत होत्या.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. "हे तुमचं. मला नको."

त्यांनी तो मांडीवर उलगडला. स्वतःचंच अक्षर सावकाश वाचलं, 'आकाश निरभ्र'पर्यंत. मग बांधलेल्या सामानातून पट्टी मागवली. मुलगी म्हणाली, "पापा, सब पैक हो गया है." तरी त्यांनी एक गाठोडं सोडायला लावलं. पट्टी ठेवली, खिशातलं लाल पेन काढलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. काळ्या पेनाने तारीख घातली, सही केली, हवामान लिहिलं नाही. कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"हे तेव्हाच कराले पाह्यजे होतं. आता ठेवा कपाटात."

मी घेतला. "सांभाळून जा" म्हटलं. माफ केलं असं म्हणाले नाही, कारण केलं नव्हतं. आजही केलंय असं छातीठोक सांगता येणार नाही.

स्कूटरपाशी येऊन मी कागद गुंडाळायला घेतला तेव्हा तारीख वाचली. ती त्या दिवसाची नव्हती. दीड वर्षामागची होती, घोषणेनंतरच्या पहिल्या शनिवारची. त्या शनिवारी ते आमच्याकडे आले होते, धुकं फार म्हणून दोन कप चहा प्यायले होते, आणि सिमरनला बाहेर गेटपर्यंत सोडून आले होते.

मी वळून बघितलं. वानखडे तसेच पेटीवर बसले होते. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ते खाली मान घालून लाल पेनाचं टोपण लावत होते, आणि ते त्यांना लागत नव्हतं.